कारखान्यातलं घर खरंच स्वस्त पडतं का? वाचकांचे प्रश्न

दिवाळी उलटली आणि बांधकामाचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो : गवंडी लावून बांधण्यापेक्षा कारखान्यातून तयार घर आणलेलं स्वस्त पडेल ना? विचारणाऱ्याने तोवर दोन-चार व्हिडिओ पाहिलेले असतात, काहींनी ॲडव्हान्सही देऊन टाकलेला असतो. पैसे देण्याआधी विचारलंत तर उपयोग होईल.

प्रश्न : प्रीफॅब, मॉड्युलर आणि पोर्टा केबिन यांत फरक काय? (पनवेल)

प्रीफॅबमध्ये भिंती-छताचे सुटे भाग जागेवर जोडतात, मॉड्युलरमध्ये अख्खी खोलीच ट्रेलरवरून येते, आणि पोर्टा केबिन ही साइट ऑफिसची वस्तू आहे, राहायची नव्हे.

प्रश्न : दापोलीजवळ आमचा प्लॉट आहे. ६०० चौरस फुटांच्या प्रीफॅब घराला १,४५० रुपये फूट असा दर आला आहे. गावातला ठेकेदार चिऱ्याच्या घराचे २,२०० सांगतो. वडिलांचा हट्ट चिऱ्याचा. स्वस्त कोणतं? कोटेशन जोडलं आहे.

कोटेशन शेवटपर्यंत वाचलं. तुम्ही बहुतेक पहिल्या पानावर थांबलात. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘क्लायंट स्कोप’ असं शीर्षक आहे, म्हणजे हे सगळं तुम्ही करायचं : जोतं, वाहतूक, क्रेन, सेप्टिक टँक, बाहेरचं प्लंबिंग, मीटरपासूनची केबल. त्याखाली एक ओळ, ‘जीएसटी वेगळा’.

आता मांडा हिशेब. ६०० फुटांचे १,४५० प्रमाणे ८ लाख ७० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, १ लाख ५६ हजार ६००. गवंड्याने सांगितलेले जोत्याचे २ लाख ४० हजार आणि चाकणहून वाहतूक व क्रेनचे ८५ हजार, हे आकडे तुमच्याच पत्रातले. झाले १३ लाख ५१ हजार ६००. शिवाय त्या ६०० फुटांत ९० फुटांची उघडी पडवी आहे, खोल्यांच्याच दराने लावलेली. ती वगळली तर ५१० फुटांचं घर तुम्हाला फुटामागे सुमारे २,६५० रुपयांना पडतं. सेप्टिक टँक आणि विजेचा खर्च मी धरलेलाच नाही, कारण तो दोन्हीकडे सारखाच येणार.

ठेकेदारालाही सोडू नका. त्याचे २,२०० स्लॅबच्या क्षेत्रावर की आतल्या? वर स्लॅब की कौलं? जोतं किती फूट उंच? दोघांच्या हातात एकच नकाशा द्या आणि ‘किल्ली हातात’ असा एकच आकडा मागा. फुटाचा दर ही विक्रीची युक्ती आहे. गेली कित्येक वर्षं मी हे सांगतो आहे आणि लोक तरी दरच विचारतात.

जीएसटीची एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगणार नाही. एकट्या घरासाठी चिरा, वाळू, सिमेंट तुम्ही स्वतः आणलंत आणि ठेकेदाराला फक्त मजुरीचा ठेका दिलात, तर त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही. कारखान्यातली मजुरी मात्र घराच्या किमतीत मिसळून येते आणि तिच्यावरही १८ टक्के भरावे लागतात. करार करण्याआधी सीएकडून खात्री करून घ्या.

कारखाना स्वस्त पडतो तो एकच साचा पुन्हा पुन्हा वापरला की. २०२१च्या जानेवारीत केंद्र सरकारने सहा शहरांत नव्या तंत्राने घरं बांधण्याचे ‘लाइट हाउस’ प्रकल्प सुरू केले. इंदूरला सँडविच पॅनल, म्हणजे दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा भरलेली, वापरली, रांचीला काँक्रीटच्या तयार खोल्याच एकमेकींवर रचल्या. पण तिथे एकेका जागी हजारभर घरं होती. तुमचं एक. एका घरासाठी क्रेन दापोलीच्या घाटातून येणार आणि रिकामी परत जाणार, तिचं भाडं तुमच्याच माथी.

वाचतो तो वेळ. भाड्याच्या घरात राहून बांधत असाल, कर्जाचं व्याज चालू असेल, तर त्या वेळाचे पैसे होतात. तुमचं तर सुट्टीचं घर आहे!

आणि किनाऱ्यावर आहात म्हणून आणखी एक. ३ जून २०२० चं ‘निसर्ग’ चक्रीवादळ तुमच्या गावाने पाहिलं आहे. हलकं घर भूकंपात फायद्याचं असतं, वादळात तोट्याचं. छत पत्र्याचं असो की पॅनलचं, वारा ते खालून उचलतो. म्हणून विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या : आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा हिशेब, घर जोत्याला धरून ठेवणाऱ्या अँकर बोल्टचं ड्रॉइंग, आणि पोलादावरच्या जस्ताच्या थराचं प्रमाणपत्र. खाऱ्या हवेत तो थर पातळ असेल तर कापलेल्या कडांपासून गंज सुरू होतो, आणि तोही पॅनलच्या आत, जिथे दिसत नाही. हे कागद त्यांच्या नव्हे, तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी या सगळ्या खर्चात नगण्य आहे.

वडिलांचा हट्ट इतक्यात मोडू नका.

प्रश्न : पफ पॅनल पेट घेतं का? (नाशिक)

घेतं, पफ म्हणजे आत भरलेला पॉलियुरेथेन फोम, आणि त्याचा धूर विषारी असतो. स्वयंपाकघराला तरी रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर भरलेलं पॅनल मागा.

प्रश्न : मुळशीत शेतजमीन आहे. घर नुसतं ठेवायचं असतं, कधीही हलवता येतं, म्हणून परवानगी लागत नाही असं कंपनीचा माणूस म्हणतो. खरं का?

खोटं. बांधकाम नियमावलीत इमारत म्हणजे कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्याची उभारलेली रचना. तुम्ही त्यात झोपणार, स्वयंपाक करणार, सांडपाणी सोडणार, आणि नोटीस कंपनीला नाही, सातबाऱ्यावरच्या नावाला येणार. त्या माणसाला हेच वाक्य लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा, पुढचं तुम्हालाच कळेल. शेतघराच्या आणि अकृषिक वापराच्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत, त्यामुळे शेजाऱ्याने पूर्वी काय केलं ते विसरा. तलाठी, तहसील आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) या तिन्ही ठिकाणी विचारा.

प्रश्न : उरणला जुना ४० फुटी कंटेनर स्वस्तात मिळतो आहे. त्याचं घर केलं तर?

टेप घेऊन आत जा. साध्या कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर आणि उंची २.३९ मीटर भरते. ‘हाय क्यूब’ घेतलात तर उंची २.६९. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर आहे. म्हणजे आतून इन्सुलेशन आणि प्लायवूड ठोकण्याआधीच तुम्ही कमी पडलात, आणि ते न ठोकता एप्रिलमध्ये आत बसून दाखवा. तळाच्या लाकडी फळ्यांना कीटकनाशक मारलेलं असतं. दारावरच्या प्लेटवर ‘टिंबर कॉम्पोनंट ट्रीटमेंट’ अशी ओळ असते, ती वाचा. खिडक्यांसाठी पन्हाळीदार भिंत कापली की तिची ताकद जाते, मग चौकटी वेल्ड करा. कंटेनर स्वस्त आहेच, महाग पडतं ते त्याचं घर करणं. कापण्याआधी इंजिनिअर बघू दे.

प्रश्न : आमची जमीन काळी आहे. हलक्या घराला पाया लागत नाही ना? (लातूर)

ही ऐकीव माहिती कुठून पसरली कोण जाणे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगणारी माती जड घरापेक्षा हलकं घर सहज वर उचलते, कारण वरून दाबणारं वजनच नसतं. एक कोपरा इंचभर उचलला गेला तरी पॅनलचे सांधे उघडतात, दारं अडकतात. अशा मातीत तळाशी फुगा असलेले ‘अंडर-रीम्ड’ पाइल घेतात, खाली न फुगणाऱ्या थरापर्यंत. तुमच्याकडे मुरूम किती खोल लागतो हे मला इथे बसून सांगता येणार नाही. माती तपासून घ्या, मग भाव विचारा.

प्रश्न : टेक्ससमधला माझा भाऊ म्हणतो, तिकडे तयार घरं खूपच स्वस्त असतात. मग इथे का नाहीत? (पुणे)

तो बहुधा ‘मॅन्युफॅक्चर्ड’ घरांबद्दल बोलतो आहे. ती कायमच्या पोलादी सांगाड्यावर बांधतात आणि त्यांना १९७६ पासून वेगळी केंद्रीय संहिता लागू आहे. तिथल्या मॉड्युलर घरांना मात्र स्थानिक बांधकाम नियमच लागतात आणि ती तितकी स्वस्त नसतात. शिवाय तिकडे सुतार महाग आहे, इकडे गवंडी अजून तरी नाही.

प्रश्न : या आठवड्यात बुक केलं तर १० टक्के सूट आहे, पण ८० टक्के रक्कम आधी भरायची. बँकेचं कर्ज घेणार आहोत. भरू का? (कोल्हापूर)

नका. बँक मंजूर नकाशा मागते आणि जागेवर जितकं काम उभं, त्या टप्प्याप्रमाणे पैसे सोडते. तुमचं घर तर कारखान्यात तयार होणार, तेव्हा जागेवर दाखवायला फक्त जोतं. ते ८० टक्के आणणार कुठून? आधी बँकेच्या मॅनेजरला विचारा की या प्रकारच्या घराला त्यांची शाखा कर्ज देते का, आणि मूल्यांकन कसं करते. मग हप्ते जोतं, कारखान्यातली तपासणी, माल जागेवर आणि जोडणी पूर्ण अशा टप्प्यांना बांधून घ्या, करार वकिलाला दाखवा. सूट पुढच्या आठवड्यातही असते.

प्रश्न : मे महिना उजाडला तरी परवानगी हातात नाही. पावसाआधी घर उभं राहील का? (महाड)

नाही. जोतं पावसाळ्यानंतर घाला, आणि नकाशा आजच दाखल करा.