बायोस फ्लॅश करायचा, पण कोणता?

प्रश्न: भाऊ, दारव्हा तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म अन् लग्नपत्रिका डिझाइनचं दुकान आहे. पीसीत सेकंडहँड आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड टाकलं. चालू होताना चित्र बरोबर येते, पण ड्रायव्हर लागला की स्क्रीन काळी. ड्रायव्हर पुन्हा टाकला, तेच. एक पोट्टा म्हणते बायोस फ्लॅश करा. करू काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, पोट्टा बरोबर बोलला. बायोस म्हणजे चालू होतानाच लागणारं, चिपमध्ये भरलेलं सॉफ्टवेअर, अन् फ्लॅश म्हणजे ते नव्यानं भरणं. पण बायोस दोन असतात, एक मदरबोर्डचा अन् एक कार्डाचा स्वतःचा, दोन्ही आपापल्या चिपमध्ये, त्यामुळे ड्रायव्हर कितीही वेळा टाका, त्यांना काही होत नाही. मला संशय कार्डाच्या बायोसचा आहे. आरएक्स ५८० ची पुष्कळ कार्डं इथेरियम या डिजिटल चलनाच्या मायनिंगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब करून ते कमावण्यात, रात्रंदिवस राबली, सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग बंद झालं, अन् मायनिंगवाले मेमरी जास्त पळावी म्हणून कार्डाचा बायोसच बदलून ठेवायचे. असा बायोस एएमडीचा (कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीचा) ड्रायव्हर सहसा घेत नाही.

आधी पीसी बंद करा, वायर काढा अन् कार्डाची वरची कड नीट पहा. काही मॉडेलांना तिथं तांदळाएवढा स्विच असतो, तो दुसरीकडे सरकवला की दुसरा बायोस लागतो, अन् तो कंपनीचाच राहिला असेल तर काम तिथंच झालं!

स्विच नसेल तर सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरवर चालू करून) ड्रायव्हर काढा, असलेल्या बायोसची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, मगच फ्लॅश. नवीन फाइल कार्डाच्या मागच्या स्टिकरवरच्या पूर्ण मॉडेल नंबरचीच पाहिजे, ४ जीबी की ८ जीबी, मेमरी सॅमसंगची की हायनिक्सची, हेही जुळलं पाहिजे. "आरएक्स ५८० ची आहे ना, चालते" असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका.

अन् लाइनचं पहा. इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा, साध्या मोडमध्ये लाइन जाताना पीसी रिस्टार्ट होऊ शकते. कार्डाचं फ्लॅशिंग अर्धवट राहिलं तरी मदरबोर्डच्या डिस्प्लेवर, नाहीतर दुसऱ्या कार्डावर पीसी चालू करून पुन्हा करता येते. मदरबोर्डचं तसं नाही, काही बोर्डांत सोय असते, बाकीच्यांची चिप प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून भरावी लागते, त्यासाठी नागपूर गाठावं लागेल. म्हणून तुमच्या तक्रारीसाठी त्या बायोसला हात लावू नका. एएम४ (एएमडीच्या प्रोसेसरचा एक सॉकेट) असलेल्या जुन्या बोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर टाकायचा असेल, तेव्हा त्याचं अपडेट करा.