पुस्तकं वाटू पाहणाऱ्या मुलीला

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोकरी लागल्यापासून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला ठेवून तू पुस्तकं जमवलीस आणि आता ती गावातल्या बायकांना, पोरांना वाचायला द्यायची तुझी इच्छा आहे, हे वाचून फार बरं वाटलं. कपाट कोणतं घ्यावं, वर्गणी किती ठेवावी, नियम काय करावेत, असं तू विचारलं आहेस. त्याबद्दल लिहितेच, पण त्याआधी वाचणाऱ्या माणसांबद्दल थोडं बोलू दे.

ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी माझी सगळी नोकरी गेली. पुस्तक चांगलं आहे एवढं ठाऊक असून भागत नाही, हे मला तिथेच कळलं. समोरच्या माणसाला दिवसातून वेळ किती मिळतो, त्याची नजर कशी आहे, घरात सध्या काय चाललंय, याचा अंदाज असेल तर पुस्तक वाचून परत येतं. नाहीतर नुसतंच परत येतं.

भाजीचा गाडा लावणाऱ्या एक मावशी मुलीबरोबर यायच्या. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. मुलीच्या पुस्तकाची नोंद होईपर्यंत त्या पुस्तकावरचं नाव बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. मी विचारलं, "तुम्हाला देऊ का एखादं?" तर म्हणाल्या, "एवढं जाड मला कुठं सरायचं, बाई?" म्हणजे अडचण जाडीची होती, वाचण्याची नव्हतीच. मी एक जुना दिवाळी अंक काढला, त्यातल्या छोट्याशा कथेवर कागदाची खूण घातली आणि "एवढीच वाचा" म्हणून दिला. पुढच्या बाजाराच्या दिवशी मावशी आल्या त्या कथेतल्या सासूला नावं ठेवतच! मग कथासंग्रह, मग लहान कादंबरी, आणि पुढे बायकांची आत्मचरित्रं. "हिचं समदं आमच्यावाणीच," असं म्हणत त्या पुस्तक टेबलावर ठेवायच्या आणि दोन दिवसांत शेजारच्या गाड्यावरची बाई तेच पुस्तक मागायला यायची. मी त्या दुसऱ्या बाईला कधी बोलावलं नव्हतं. तुझ्या गावातही पुस्तकं अशीच पसरतील, फक्त पहिली खूण कोणीतरी घालायला हवी.

ग्रंथालयाच्या परीक्षेसाठी आम्ही रंगनाथन यांचे पाच नियम पाठ केले होते. मद्रासला गणित शिकवणारा हा माणूस ग्रंथपाल झाला आणि 1931 मध्ये त्याने हे नियम पुस्तकरूपाने मांडले. दुसरा नियम सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मला तिसरा जास्त जवळचा वाटतो, कारण तो पुस्तकं सांभाळणाऱ्याला खुर्चीतून उठवतो. वर्षभर कोणी हात न लावलेलं पुस्तक दिसलं की ते घेऊन आपण त्याच्या वाचकाच्या शोधात निघायचं.

म्हणून माझं ऐकशील तर कपाट घेऊच नकोस. एक मजबूत पेटी घे, तुला एकटीला उचलता येईल एवढी.

पेटीची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले आणि 1906 मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर पोराच्या हाती वाचायला काहीच आलं नाही, तर शिकलेली अक्षरंही पुसली जातात. मग 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं, गावोगावी वाचनालयं काढली आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली. शंभराहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातही पेटीच फिरते. काही घरं मिळून एक पेटी घेतात, ती वाचून झाली की दुसऱ्या गटाशी बदलून घेतात. परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही या पेट्या पोचल्या आहेत. तुला वाड्यावस्त्यांवर जायचंय, तर हीच रीत धर. बचतगटाची बैठक असते तिथे पेटी ने, अंगणवाडीच्या ओट्यावर ठेव, पिठाच्या गिरणीत ठेव. गिरणीत बायका नंबर लावून बसलेल्या असतात, तेवढ्या वेळात एक गोष्ट सहज होते.

आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना सोडून पुढे जाऊ नकोस. चातुर्मासात पोथी लावायची रीत तुझ्या आजीला विचार. हरिविजय, पांडवप्रताप एकजण वाचायचा आणि सगळी आळी ऐकायची. ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती, पण ओव्या तोंडपाठ होत्या. आपल्या लोकांना वाचलेलं ऐकायची सवय आहे, ती तू वापर. श्रावणात आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी ओसरीवर एक कथा मोठ्याने वाच. आवाज ऐकून पोरं आपोआप येतील. मात्र गोष्ट संपल्यावर त्यांना "काय बोध घेतला?" असं कधीही विचारू नकोस. या एका प्रश्नाने मुलं पुस्तकांपासून लांब पळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना घरी जाऊ दे. गोष्ट आवडली असेल तर ती पुन्हा येतील.

आता तुझे प्रश्न. वर्गणी ठेवू नकोस, अनामतही नको. वही मात्र हवी. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, म्हणजे वहीत नोंदलेला त्याचा स्वतःचा नंबर दे, कोणी नेलं, कधी नेलं, कधी परत आलं ते लिही, आणि शेवटी एक रुंद रकाना आखून त्यात वाचणाऱ्याने परत देताना जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत उतरव. पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं ते तुला त्या रकान्यात सापडेल. खाकी कव्हरं घालू नकोस, मुलं चित्र बघून पुस्तक उचलतात. पारदर्शक प्लास्टिक घाल. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, खाली फळी घालायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा आणि ऊन पडलं की सगळी पुस्तकं बाहेर काढून चाळायची. कसर आणि वाळवी बंद जागेतच माजतात.

पुस्तक हरवलं तर रागावू नकोस. ज्या माणसाला एकदा हरवलेल्या पुस्तकाबद्दल बोलणी बसतात, तो पुन्हा फिरकत नाही आणि त्याच्या घरातलंही कोणी येत नाही. जी पुस्तकं गेल्यावर तुझा जीव तुटेल, ती घरीच ठेव आणि पेटीसाठी त्यांची दुसरी प्रत जुन्या बाजारातून घे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात नाहीतर मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर शोधलंस तर मिळून जाते. कोणी रहस्यकथा मागेल, कोणी शेळीपालनाचं पुस्तक मागेल, कोणी राशिभविष्य. नाक मुरडू नकोस. मागणारा हात पुढे आला आहे, हे महत्त्वाचं.

एक काळजी मात्र मला वाटते. वाटपाच्या नादात स्वतःचं वाचन सुटतं. याद्या, पेटी, वही यांतच संध्याकाळ जाते आणि आपण महिनोन् महिने एक पान उलटलेलं नसतं. मग लोकांना काय देणार? ते लगेच ओळखतात की ही स्वतः वाचत नाही. रोज थोडं तुझ्यासाठी वाच, वाटायचं म्हणून नव्हे, तुला हवं म्हणून. प्रवासात मराठी विश्वकोश फोनवरही उघडता येतो, आणि साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती उतरवून घे.

माझ्याकडचे जुने दिवाळी अंक मी बांधून ठेवलेत. 'मनोरंजन' मासिकाने 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, त्यानंतरच्या इतक्या वर्षांत तुझ्या गावात कधी एवढे अंक एकदम आले नसतील! येत्या सोमवारी एस.टी.च्या पार्सलने पाठवते, स्टँडवरून सोडवून घे. पेटी घेतलीस की तिची लांबी-रुंदी कळव, म्हणजे मोठ्या अक्षरातली पुस्तकं किती पाठवायची ते मला ठरवता येईल.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझ्या
ग्रंथालयातल्या बाई