बिब्राक्तचे पीळदार वृक्ष

प्रश्न : फ्रान्समधील बिब्राक्त या प्राचीन गॉल नगराच्या डोंगरावर फिरताना वेड्यावाकड्या बुंध्यांचे बीच वृक्ष रांगेने उभे दिसले. ते गॉल लोकांच्या, म्हणजे रोमनांपूर्वी तेथे राहणाऱ्या केल्टिक लोकांच्या, काळातील आहेत का?

उत्तर : नाही. बरगंडीतील ८२१ मीटर उंचीच्या माँ ब्योव्रे डोंगरावरचे हे एदुई जमातीचे नगर, येथेच इ. स. पूर्व ५२ मध्ये व्हेर्सिंजेतोरिक्स या गॉल नेत्याकडे रोमनांविरुद्धच्या लढ्यात गॉलांचे सेनापतित्व सोपवले गेले. पुढे रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात वस्ती खाली, आजच्या ओतँ शहरात हलली आणि डोंगर ओस पडला. आपण पाहिलेले वृक्ष बऱ्याच नंतरच्या शेतकऱ्यांच्या कुंपणाचे आहेत : बीचच्या कोवळ्या फांद्या अर्धवट कापून, आडव्या वाकवून, एकमेकींत गुंतवून त्यांनी जिवंत कुंपण केले, आणि त्याची निगा थांबल्यावर त्या आडव्या फांद्यांचेच जाडजूड, गाठाळ बुंधे झाले. अशी कुंपणे काही ठिकाणी थेट जुन्या तटाच्या उंचवट्यावरून जातात. त्यामुळे आपला गैरसमज होणे स्वाभाविक आहे.

खरा गॉल तट पाहायचा असेल, तर नगराच्या तटातील रबू दरवाजापाशी थांबावे. लाकडी तुळयांची जाळी लांब लोखंडी खिळ्यांनी जोडून, आत माती-दगड भरून, दर्शनी बाजूस दगडी भिंत रचण्याची पद्धत तेथील पुनर्रचित भागात स्पष्ट दिसते.