ग्रह बाहेर सरकतोय? गुरुत्वाकर्षण वाढवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं आठवलं. सूत्र बरोबर, सुरुवातीचा वेग बरोबर, तरी संगणकावरच्या सिम्युलेशनमधली (कोडने उभ्या केलेल्या नकलेतली) पृथ्वी दर फेरीला थोडी बाहेर सरकते, आणि तुम्ही विचारताय की सूर्याची ओढ जरा वाढवू का. नका वाढवू. एककं वगैरे तुम्ही तपासलीच असतील, त्यात शिरत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पैसे भरून घेतलेल्या एका कोर्सच्या मदत कक्षाने. नेमका हाच प्रश्न विचारला होता. उत्तर आलं: गुरुत्वाकर्षण आत ओढतं, अपकेंद्री बल बाहेर ढकलतं, दोन्ही समान असल्याने ग्रह कक्षेत राहतो, तुमच्याकडे बाहेरचं बल जास्त होतंय. अहो, माझ्या कोडमध्ये बाहेरचं बल नव्हतंच! पुन्हा लिहिलं तर तेच उत्तर, खाली ‘शंका निकाली’. कोड कुणी उघडूनही पाहिला नव्हता.

दोन बलं खरोखर समान आणि विरुद्ध असती, तर पृथ्वी सरळ रेषेत निघून गेली असती. (फिरत्या चौकटीतून, म्हणजे ग्रहाबरोबर स्वतःही फिरत पाहिलं तर अपकेंद्री बल धरावं लागतं, मान्य. तुमचा कोड फिरत्या चौकटीत नाही, त्यामुळे तो वाद इथे नको.) बल एकच, सूर्याकडे ओढणारं. पृथ्वी सूर्याकडे सतत पडतेच आहे, सेकंदाला जेमतेम ३ मिलिमीटर. पण तेवढ्यात ती आडवी ३० किलोमीटर जाते, आणि १५ कोटी किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ ३० किलोमीटरमध्ये वाकतंही तेवढंच. आडवा वेग काढून घेतलात तर साधारण ६५ दिवसांत सूर्यात पडेल. सेकंदाला ४२ किलोमीटरच्या वर नेलात तर परत येणार नाही.

आता तुमचा घोळ. कोड काळाचे छोटे तुकडे, म्हणजे पायऱ्या, करून पुढे जातो. प्रत्येक पायरीला तुम्ही आधी जुन्या वेगाने ग्रह हलवता आणि मग जुन्याच जागेवरच्या ओढीने वेग बदलता. ग्रह स्पर्शिकेवरून सरकला की वर्तुळाच्या किंचित बाहेर जातो, आणि वेगही दर पायरीला कणभर वाढतो. म्हणजे ऊर्जा फुकटात वाढतेय. पायरी लहान करून बिघाड फक्त लांबतो. त्यापेक्षा क्रम बदला: आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने जागा. दोन ओळींची अदलाबदल, बस्स. असं केलं की कोनीय संवेग (सूर्याभोवती फिरण्याचं माप) अचूक टिकतो आणि ऊर्जा थोडी वर-खाली होते, पण वाहवत जात नाही. समान काळात समान क्षेत्रफळ हा केप्लरचा नियम सिद्ध करताना न्यूटनने १६८७ मध्ये मार्ग असाच तुकड्यातुकड्यांनी आखला होता: सरळ चाल, सूर्याकडे धक्का, पुन्हा सरळ चाल. म्हणून तयार कोडची जाडजूड लायब्ररी आधी उतरवून घेण्याची घाई मला पटत नाही. अर्थात मी हौशी माणूस, यान पाठवणाऱ्यांची गरज वेगळी.

दुरुस्तीनंतरही अंतर वर्षभरात ५० लाख किलोमीटरने कमी-जास्त झालं तर घाबरू नका. कक्षा लंबवर्तुळाकार आहे; पृथ्वी जानेवारीत जवळ, जुलैत दूर असते.

पुढे गुरू घालणार असाल तर सूर्याला खिळा ठोकून ठेवू नका, त्यालाही हलू द्या. त्या दोघांचा वस्तुमानमध्य (ज्या बिंदूभोवती दोघेही फिरतात तो) सूर्याच्या पृष्ठभागाच्या जरा बाहेर पडतो. आणि बुधासाठी एका दिवसाची पायरी मोठी होते, तासांवर या.