संपूर्ण देशाची लोकसंख्या संगणकात उभी करून साथनियंत्रणाची धोरणे आधीच तपासता येतात का?

होय, येतात, मात्र त्यातून हाती येते ती भविष्यवाणी नसून पर्यायांची तुलना असते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील नील फर्ग्युसन यांच्या गटाने 16 मार्च 2020 रोजी प्रसिद्ध केलेला कोविडचा अहवाल हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यातील प्रारूपात (संगणकीय मॉडेलमध्ये) जनगणनेच्या आधारे कृत्रिम माणसे घडवून त्यांना घर, शाळा किंवा कामाची जागा नेमून दिली होती, आणि सुमारे एक तृतीयांश संसर्ग घरात, एक तृतीयांश शाळा व कामाच्या ठिकाणी, तर उरलेला इतरत्र होतो, असे मानले होते.

अशा प्रारूपात धोरण म्हणजे या ठिकाणी होणाऱ्या माणसांच्या संपर्कांच्या प्रमाणात केलेला बदल. शाळा बंद केल्या तर विद्यार्थ्यांच्या घरातील संपर्क 50 टक्क्यांनी आणि बाहेरचे 25 टक्क्यांनी वाढतील, असे त्यात धरले होते. मुले घरी बसली म्हणजे भेटीगाठी थांबल्या असे होत नाही, ही जाण मला अतिशय मोलाची वाटते.

ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे 5,10,000 मृत्यू होतील हा आकडा फार गाजला, पण तो कोणताही उपाय न केल्यास आणि लोकांनीही वागणूक न बदलल्यास काय होईल, याचा होता; त्यामुळे टाळेबंदीनंतरच्या मृत्यूंशी त्याची थेट तुलना करणे अन्यायाचे आहे. खरी कसून तपासणी व्हायला हवी ती गृहीतकांची: उदाहरणार्थ, संपूर्ण कुटुंबाच्या विलगीकरणाचा नियम निम्मीच कुटुंबे पाळतील, असे त्यात धरले होते.