बैगा बायकांच्या गोंदणाचा अर्थ काय असतो? तशी नक्षी मी दंडावर काढून घेतली तर चालेल का?

कोणत्या चिन्हाचा अर्थ काय, याची यादी तुम्हाला हवी असेल. मोर, माशाचा काटा, हळकुंड, साखळी, माणूस अशी चिन्हं बैगांच्या, म्हणजे मध्य भारतातल्या एका आदिवासी समाजाच्या, गोंदणात सापडतात, पण तेवढ्यावरून फार थोडं कळतं. कुणी गोंदलं, कोणत्या वयात गोंदलं आणि त्या वेळी जवळ कोण होतं, खरा अर्थ त्यात आहे. म्हणून आधी ते सांगते, मग तुमच्या दंडाकडे वळू.

मी मूळची गोंदियाची, पण परिचारिकेची नोकरी शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या बाजूला झाली. बालाघाट, मंडला, दिंडोरी आणि पलीकडे छत्तीसगडातल्या कवर्ध्यापर्यंत मैकलच्या डोंगरात बैगांची गावं आहेत. नांगर चालवणं म्हणजे धरणीमातेची छाती फाडणं, असं मानून पिढ्यान्‌पिढ्या नांगराला हात न लावलेली ही माणसं. जंगलाचा तुकडा जाळून त्या राखेत बी फेकायचं, ही त्यांची जुनी बेवर शेती. जमिनीला ओरखडा नको म्हणणाऱ्या या समाजात बाईच्या अंगावर मात्र हजारो टोचे असतात, याचं मला सुरुवातीला फार कोडं पडायचं.

बैगा बाई स्वतः गोंदत नाही. ते काम बादी समाजातल्या बाईचं, तिला बदनिन म्हणतात. पावसाळ्यात जखम चिघळते म्हणून ती थंडीत गावोगाव फिरते. रामतीळ, म्हणजे आपले कारळे, किंवा काळे तीळ जाळायचे, त्यांची काजळी खापरावर धरायची आणि कालवून शाई करायची. काहीजणी त्यात बीजा, म्हणजे आपला बिबळा, या झाडाचा रस घालतात. आधी बांबूच्या बारीक काडीने अंगावर नक्षी रेखायची, मग सुयांचा जुडगा घेऊन त्या रेघेवरून टोचत जायचं. झाल्यावर रिठ्याच्या पाण्याने धुवायचं आणि वर हळद-तेल. पुरुषांनी तिथे थांबायचं नाही, ते रक्त पाहायचं नाही. मुलीला धरून बसतात त्या बायकाच. मोबदला पूर्वी धान्यात आणि कापडात दिला जायचा. नक्षीचा कागद कुठेच नाही, ती बदनिनीच्या हातात असते आणि तिच्याकडून तिच्या मुलीच्या हातात जाते.

सुरुवात कपाळापासून. मुलगी साधारण आठ वर्षांची झाली की भुवयांच्या मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण, आजूबाजूला रेघा आणि ठिपके. काही बायका याला चूल म्हणतात. मग वयात येताना पाठ, पुढे हात, मांड्या, पोटऱ्या. छाती सगळ्यात शेवटी, आई झाल्यावर. म्हणजे बाईच्या अंगाकडे पाहून दुसऱ्या बाईला कळतं की ही आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे. माझ्या मते अर्थ आहे तो हा.

एका म्हाताऱ्या बैगा बाईला सलाईन लावायचं होतं. कोपरापासून मनगटापर्यंत उभ्या रेघांच्या दाट रांगा, आणि जुनं गोंदण हिरवट-निळं पडतं तसं पडलेलं. काजळी असते काळीच, पण ती कातडीच्या खालच्या थरात बसलेली असल्यामुळे वरून बघताना असा रंग दिसतो. नेमका शिरेचा रंगही तोच. त्या रेघांमध्ये शीर डोळ्यांना दिसेना, बोटाने चाचपून शोधावी लागली. ती माझ्या हातांकडे पाहत होती. म्हणाली, तुझे हात तर रिकामे आहेत, वर गेल्यावर दाखवशील काय? चांदी, कथील, मणी सगळं लोक काढून घेतात, गोदना तेवढा बरोबर येतो. हीच समजूत आपल्याकडच्या जुन्या बायकांचीही होती. हनुवटीवरचा ठिपका आणि हातावरची तुळस मी माझ्या आजीच्या अंगावर पाहिली आहे, आणि कारण तिनेही हेच सांगितलं होतं.

राजे-सरदारांनी पळवून नेऊ नये म्हणून बायकांनी मुद्दाम स्वतःला विद्रूप केलं, असं इंटरनेटवर वारंवार वाचायला मिळतं. अरुणाचलातल्या अपातानी बायकांबद्दलही हीच कथा सांगतात. बैगांच्या बाबतीत मला ती अजिबात पटत नाही. विद्रूपच व्हायचं असतं तर चेहराभर गोंदलं असतं, इथे कपाळ सोडून चेहरा मोकळा आहे. आणि पळवून नेण्याच्या भीतीने कुणी मूल झाल्यावर छाती गोंदवत नाही. ज्याला त्या बायका सौंदर्य म्हणतात, त्याला आपण विद्रूप म्हणायचं आणि वर त्यांच्या वतीने कारणही आपणच शोधायचं, याचा मला राग येतो.

सगळ्या आदिवासींचं गोंदण एका माळेत ओवता येत नाही. नागालँडच्या कोन्याक पुरुषांच्या चेहऱ्यावरची खूण शत्रूचं मुंडकं आणणाऱ्या योद्ध्याची असायची. जपानमध्ये आयनू बायका ओठांभोवती गोंदवायच्या, त्यावर सरकारने 1871 मध्ये बंदी घातली. अपातानींची प्रथा मात्र 1970 च्या दशकात त्यांच्याच तरुणांनी थांबवली, कारण बाहेर गेलं की चेहऱ्यावरच्या गोंदणामुळे हेटाळणी व्हायची.

बैगांच्या मुलीही आता नको म्हणू लागल्या आहेत. शाळेत, वसतिगृहात कपाळावरच्या खुणेवरून चिडवतात. शिवाय दुखतं, आणि ते काही थोडंथोडकं दुखत नाही. शहरातली माणसं ‘परंपरा लुप्त होतेय’ म्हणून हळहळतात. मलाही वाईट वाटतं, पण आठ वर्षांच्या मुलीला धरून बसवण्याची बाजू मी घेणार नाही. मोठी होऊन तिने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. माझ्या ओळखीच्या एका मुलीने कपाळ टाळलं, पण लग्नाआधी आईसारखे हात हौसेने गोंदवून घेतले.

आता तुमचा दंड. नुसत्या रेघा, ठिपके, हळकुंड किंवा मोर काढून घ्यायला माझी हरकत नाही, असं काही ना काही मध्य भारतात गोंड आणि इतरही गोंदवतात. कपाळाची खूण मात्र घेऊ नका, दंडावरसुद्धा नाही. ‘मी बैगा आहे’ एवढंच ती सांगते, आणि तुम्ही बैगा नाही. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत ‘ट्रायबल’ नावाने जे जाड काळे वळसे मिळतात, त्यांचा बैगांशी काही संबंध नाही. ती बहुतेक प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या नक्षीची नक्कल असते.

जमल्यास गोंदणाऱ्या समाजातल्या बाईकडूनच काढून घ्या आणि स्टुडिओत जेवढे मोजाल तेवढे पैसे तिला द्या. सुया मात्र तुमच्यासमोर फोडलेल्या, नव्या हव्यात आणि शाईही तुमच्यापुरती वेगळ्या वाटीत काढलेली हवी. जत्रेत एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांना गोंदतात, तिथे चुकूनही बसू नका. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही तिन्ही त्या सुईतून येऊ शकतात. कावीळ बी ची लस आधी पूर्ण करा. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येणार नाही. सैन्यभरतीचा विचार असेल तर दंडावर काहीच नको. कायमच्या गोंदणासाठी तिथे कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतची आणि तळहाताच्या मागची जागाच चालते. प्रथेनुसार अंगावर कुठेही गोंदण असण्याची मुभा आहे ती फक्त सरकारने ठरवलेल्या आदिवासी भागांतल्या उमेदवारांना.