व्हर्च्युअल मशीनच्या (व्हीएम) व्हीसॉक कनेक्शनला, म्हणजे होस्ट आणि व्हीएम यांच्यातल्या थेट सॉकेटला, नेटवर्क नेमस्पेसचं (लिनक्समध्ये प्रोसेसना मिळणाऱ्या वेगळ्या नेटवर्कचं) आयसोलेशन खरंच मिळतंय का, हे टेस्ट कसं करायचं?

"नेमस्पेस वेगळी केली की झालं" असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक टीममध्ये असतो. आमच्याकडे तो नेमका वरिष्ठ होता.

त्याची टेस्ट अशी: नवी नेमस्पेस करायची, आतून सोकॅटने (सॉकेट जोडणाऱ्या कमांडने) सीआयडी 3 ला, म्हणजे व्हीसॉकमधल्या व्हीएमच्या पत्त्याला, कनेक्ट करायचं, कनेक्शन फसलं की टेस्ट पास. पाइपलाइन कायम हिरवीगार. एकदा लॉगमधली एरर नीट वाचली, तर 'कनेक्शन रीसेट बाय पीअर'. अहो, रीसेट यायला पॅकेट आधी पलीकडे पोचावं लागतं! ते थेट गेस्टपर्यंत, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टमपर्यंत, जाऊन आलं होतं, त्या पोर्टवर फक्त कुणी ऐकत नव्हतं. गेस्टमध्ये सोकॅट लिसनवर ठेवला, तीच कमांड पुन्हा मारली आणि इकडे टाइप केलेली ओळ तिकडे उमटली.

यात नवल काहीच नाही. व्हीसॉक 2013 मध्ये कर्नल 3.9 सोबत आला आणि पुढे वर्षानुवर्षं त्याने नेमस्पेसला जुमानलं नाही. सीआयडी अख्ख्या होस्टभर सामायिक. आयपीटेबल्सला, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलला, हे ट्रॅफिक दिसतही नाही. मीटिंगमध्ये हे दाखवल्यावर साहेब म्हणाले, "पण आपल्या गेस्टमध्ये ऐकतंय कोण?" सिस्टमडी (लिनक्समधल्या सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्राम) 256 पासून गेस्टला व्हीसॉक असेल आणि एसएसएचडी (एसएसएच लॉगिनचा सर्व्हर) बसवलेला असेल, तर तो व्हीसॉकच्या पोर्ट 22 वर आपोआप ऐकायला लागतो, हे मी तिथेच सांगितलं. म्हणजे कुणी नुसती इमेज अपग्रेड केली तरी दार उघडलं. तिकीट 'नंतर बघू' मध्ये गेलं. असो.

आता तुमचं. नव्या कर्नलमध्ये ग्लोबल (सीआयडी सामायिक) आणि लोकल (प्रत्येक नेमस्पेसचे सीआयडी वेगळे) असे दोन मोड आहेत, पण डीफॉल्ट ग्लोबलच, म्हणजे जुनीच तऱ्हा. त्यामुळे प्रॉकमधल्या नेट-व्हीसॉकखालची एनएस-मोड ही फाइल (/proc/sys/net/vsock/ns_mode) आधी नेमस्पेसच्या आतून वाचा; तिथे लोकल दिसायला हवं. ती फाइलच नसेल तर पुढची टेस्ट करण्यात अर्थ नाही.

मग व्हीएमच्याच नेमस्पेसमधून कनेक्शन जुळतंय हे सिद्ध करा. जुळणारं कनेक्शन दाखवल्याशिवाय न जुळणाऱ्याला काडीची किंमत नाही. त्यानंतर दुसऱ्या नेमस्पेसमधून तेच करा आणि एक्झिट कोडवर न थांबता एरर तपासा: 'नो सच डिव्हाइस' आलं तर तो सीआयडी तिथून दिसत नाही, रीसेट आलं तर भिंत नाहीच. माझी आवडती टेस्ट म्हणजे दोन लोकल नेमस्पेसमध्ये सीआयडी 3 चेच दोन व्हीएम उठवणं. ग्लोबलमध्ये दुसरा क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणत मरतो. लोकलमध्ये दोन्ही उठले, तरी प्रत्येकाला होस्टनेम विचारून कोण बोलतंय ते बघा.

हे सगळं लिनक्स होस्टवरच्या व्हीहोस्टबद्दल (होस्ट कर्नलमधल्या व्हीसॉकच्या बाजूबद्दल) आहे. व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही असेल तर यातलं काही गृहीत धरू नका. टेस्ट कंटेनरमधून चालवत असाल तर सेकॉम्पही (सिस्टम कॉल अडवणारं कर्नलचं फिल्टर) तपासा, कारण डॉकरचं डीफॉल्ट प्रोफाइल व्हीसॉकचं सॉकेटच उघडू देत नाही आणि टेस्ट फुकटची पास होते. शिवाय व्हीएमची नेमस्पेस ठरते ती व्हीहोस्ट-व्हीसॉक डिव्हाइस कोणत्या प्रोसेसने उघडलं यावरून. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं टूल) ते स्वतः उघडून क्यूईएमयूच्या हातात देतो, तेव्हा क्यूईएमयू कुठे चाललाय हे बघून फसू नका. आमच्या साहेबांना हेही सांगितलं होतं.